गाडी तुमची आहे

इतर माणसं दुसऱ्याच्या कामात नाक खुपसतात. मास्तर पाय खुपसायचे. ही शिवी नव्हे, हा त्यांचा धंदाच होता. बावीस वर्षं त्यांनी मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. शटरवाली एक खोली, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा रंग उडालेला तक्ता, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि दारात उभी एक पांढरी गाडी. शिकणारा चाकामागे बसे, मास्तर त्याच्या शेजारी, आणि मास्तरांच्या पायाशीही एक जादा ब्रेक आणि एक जादा क्लच. शिकवणीच्या गाडीत ते असतातच. नवखा माणूस गडबडला, तर शेजारच्याने गाडी आवरायची, एवढ्यासाठी.

पण माणूस गडबडेपर्यंत वाट कोण बघणार? शिकणारा जागेवर बसला, की मास्तर प्रसन्न हसत आणि म्हणत, "गाडी तुमची आहे. बिनधास्त चालवा." हे म्हणता म्हणता त्यांचे दोन्ही पाय दोन्ही पेडलांवर गेलेले असत. क्लच तेच दाबायचे, ब्रेक तेच मारायचे, वर स्टिअरिंगलाही हळूच एक बोट लावायचे. शिकणाऱ्याला वाटायचं, वा, काय सफाईनं चालवतोय मी! एकवीस दिवस तो बापडा खुशीत. मग परीक्षेच्या दिवशी त्याच गाडीत शेजारी परीक्षक बसायचा, पाय दुमडून. पहिल्याच वळणावर गाडी आचका देऊन बंद. मास्तर मान हलवून म्हणत, "आत्मविश्वास कमी पडला तुमचा. आणखी दहा दिवस या."

लबाड असते तर एकवेळ समजून घेतलं असतं. लबाड माणसाला निदान ठाऊक असतं, आपण काय करतोय ते. मास्तरांना खरंच वाटायचं की आपल्याइतकं मोकळं सोडून शिकवणारा माणूस पंचक्रोशीत नाही. बायको भाजीला फोडणी घालत असली तरी हे मागे उभे, गॅसच्या बटणाकडे हात. "तू कर, तू कर, मी फक्त बघतोय." आणि आच यांनी कमी केलेली. ती माउली बावीस वर्षं कधी शांतपणे जेवण रांधू शकली असेल, तर हे परीक्षेच्या मैदानावर गेलेले असताना.

यांना एकच मुलगी. घरात तिला ठकी म्हणत. ठकीला अठरा वर्षं पूर्ण होत आली होती, तेव्हा मास्तरांच्या वाचनात कुठल्याशा पुरवणीतला एक लेख आला: मुलांना पैशाची जबाबदारी शिकवायची असेल तर त्यांना स्वतःची गाडी द्या आणि तिचा खर्च त्यांनाच करू द्या. झालं! मास्तरांच्या अंगात आलं. त्यांनी ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून अकरा वर्षं जुनी, दह्याच्या रंगाची छोटी गाडी उचलली, तिला नवी सीटकव्हरं चढवली आणि वाढदिवसाच्या सकाळी किल्ली लेकीच्या हातावर ठेवली.

किल्लीबरोबर एक कागदही होता. टाइप केलेला, वर प्लास्टिक चढवलेला. त्यावर अकरा कलमं. पेट्रोल, विमा, सर्व्हिसिंग, टायर, सगळं मालकाने स्वतःच्या कमाईतून करायचं. सातवं कलम तर मास्तरांनी ठळक अक्षरात घेतलं होतं, कारण ते सुचल्यावर त्यांना स्वतःच्याच बुद्धीचं कौतुक आवरेना: 'गाडीबाबतचा प्रत्येक निर्णय मालकाने स्वतः घ्यावा. कोणाच्याही तोंडाकडे पाहू नये.' आणि सगळं खरंखुरं वाटावं म्हणून गाडीही ठकीच्याच नावावर केली. लोकांना कागद दाखवता यायला हवेत ना!

"गाडी तुझी आहे," मास्तर म्हणाले. शेजारच्या सीटवर बसले. आणि पाय लांब केले.

या गाडीला जादा ब्रेक नव्हता. पण बावीस वर्षांची खोड जाते कुठे! सिग्नल दिसला, दाब पाय. म्हैस दिसली, दाब पाय. समोरून पोरगं सायकलवर आलं, तर दोन्ही पाय. खाली नुसती रबराची चटई, तिच्यावर मास्तरांच्या टाचेचा मारा. सहा महिन्यांत त्या चटईला रुपयाएवढं भोक पडलं.

ठकी पोरगी शहाणी. तिला गाडीची हौस नव्हती, हे आधी सांगायला हवं. तिला दुसरीच ओढ होती. कृत्रिम दात आणि कवळ्या घडवायचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो, त्यासाठी तिनं दुसऱ्या शहरातल्या संस्थेत अर्ज केला होता. मेणाचा दात कोरताना तिचा हात कसा चालायचा, हे तिच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंनी मास्तरांना दोनदा सांगितलं होतं. मास्तर म्हणाले, "हो हो," आणि तिसऱ्या मिनिटाला गाडीच्या मायलेजवर आले.

गाडीचा खर्च भागवायला ठकी सकाळच्या वेळी औषधांच्या दुकानात उभी राहू लागली. दुकान घरापासून चालत दहा मिनिटांवर. पण मास्तर म्हणाले, गाडी असताना चालत जाणं म्हणजे मालमत्तेचा अपमान. म्हणजे बघा: दुकानात जायला गाडी, आणि गाडी पोसायला दुकान. पोरगी महिनाभर उभी राहून पाय सुजवायची, आणि तिची कमाई टाकीत ओतायची. तरी त्यातूनही ती थोडं बाजूला ठेवायची, चुलत्याने दिलेल्या जुन्या डब्यात. ते पैसे प्रवेशाच्या फीसाठी होते. आईला माहीत होतं, आणि मास्तरांनाही.

आता कोणी म्हणेल, गाडी तिची होती, मग तिनं ती दारात उभी ठेवायची. अहो, पण उभी राहू देतंय कोण? भाजीला जायचंय, काढ गाडी. साडूला बसस्थानकावर सोडायचंय, काढ गाडी. मास्तर स्वतः घेऊन जात आणि काटा तळाला टेकल्यावर आणून लावत. खर्चाच्या वेळी 'तुझी गाडी', आणि फिरायच्या वेळी 'आपली गाडी'. आपली हा शब्द काय सोयीचा आहे! त्यात सगळे बसतात आणि पैसे मात्र एकच जण देतो.

आणि मिरवणं तर विचारू नका. सोसायटीच्या हॉलमध्ये मास्तरांनी पालकांसाठी व्याख्यान ठेवलं, 'मुलं आणि आर्थिक शिस्त'. समोर पंधरा-वीस माणसं, बाजूला चहाचा थर्मास, आणि ठकीला पहिल्या रांगेत बसवलेलं, नमुना म्हणून. मास्तर कागद हलवून कलमं वाचत होते. "मी तिच्या व्यवहारात ढवळाढवळ करत नाही," ते म्हणाले, आणि टाळ्या पडल्या. ठकीची आई मागे थर्मासपाशी उभी होती. तिनं इतक्या जोरात झाकण लावलं की दोघंतिघं दचकले.

मग ड्रायव्हिंग स्कूलची पांढरी गाडी बिघडली. रेडिएटर गेला. शिकणारे तर रोज येणार. मास्तरांनी क्षणभरही विचार न करता दह्याच्या रंगाची गाडी काढली आणि आठ दिवस तिच्यावर नवशिके बसवले. त्यातल्या एका गृहस्थांनी क्लचवरचा पाय आठ दिवसांत उचलला असेल तर शपथ. नवव्या दिवशी गाडीतून जळका वास आला आणि ती चौकात बसली ती बसलीच. क्लचप्लेट जळून खाक.

गॅरेजवाल्यानं आकडा सांगितला. मास्तरांनी तो तसाच लेकीकडे सरकवला.

"बाबा, मी नाही जाळली ती," ठकी म्हणाली.

"गाडी कोणाची?"

"माझी."

"मग क्लच कोणाचा?" मास्तर विजयी मुद्रेने म्हणाले. "मालकी म्हणजे हेच बाळा. सुखाच्या वेळी मालक आणि दुखण्याच्या वेळी पाहुणा, असं चालत नाही."

ठकीनं डबा उघडला. त्यातलं निम्म्याहून जास्त गॅरेजवाल्याच्या हातात गेलं. मास्तरांना वाटलं, काय धडा मिळाला पोरीला! धडा मिळालाच होता. पण कोणता, ते विचारायची बुद्धी यांना कुठली?

त्याच आठवड्यात संस्थेचं पत्र आलं. ठकीला जागा मिळाली होती. पहिला हप्ता महिनाअखेर भरायचा, नाहीतर जागा पुढच्या मुलाला. ठकी पत्र घेऊन वडिलांसमोर उभी राहिली. मास्तरांनी चष्मा लावून पत्र वाचलं, घडी घातली, आणि म्हणाले, "छान. पण आधी विम्याचा हप्ता. तो पुढच्या पंधरवड्यात आहे. कलम तीन. उरलं तर फी भर, नाही उरलं तर पुढच्या वर्षी. जबाबदारी म्हणजे काय, ते यातूनच कळतं."

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. ती सहसा मध्ये पडत नसे, पण त्या दिवशी पडली. "अहो, पुढच्या वर्षी जागा काय तुमच्या मेव्हण्याने राखून ठेवलीय? पोरीच्या दोन वर्षांपेक्षा ते डबडं मोठं झालं का?"

"तू भावनेच्या भरात बोलतेस. मी तिला स्वतःच्या पायावर उभं करतोय."

"तिच्या पायावर तुमचा पाय आहे, तो काढा आधी!"

मास्तरांनी कीव आल्यासारखं स्मित केलं आणि पेपर उघडला.

आता नर्सबाई. समोरच्या दवाखान्यात काम करणाऱ्या, चाळिशीच्या, वाघासारख्या बाई. रुग्णाला सुई टोचताना हात कापत नसे, पण गाडी चालवायला बसल्या की घाम फुटे. मास्तरांकडे शिकून तीनदा नापास झाल्या होत्या. औषधं घ्यायला दुकानात आल्या, की ठकीशी बोलत. एकदा ठकी म्हणाली, "रविवारी सकाळी बाजाराचं मैदान रिकामं असतं. माझ्या गाडीत या."

पहिल्या रविवारी गाडी अकरा वेळा बंद पडली. ठकी शेजारी बसून होती, हात मांडीवर, पाय सीटखाली ओढून घेतलेले. "अगं, दाब ना काहीतरी!" नर्सबाई ओरडल्या. "माझ्याकडे दाबायला काही नाही," ठकी म्हणाली. मग नर्सबाईंनी स्वतःच दाबलं. तीन रविवार आणि मधल्या दोन सुट्ट्या, एवढ्यात त्या शिकल्या, आणि चौथ्या खेपेला पास झाल्या. मास्तरांना ही बातमी परीक्षेच्या मैदानावर कळली. "माझीच विद्यार्थिनी!" त्यांनी परीक्षकाला सांगितलं. "वेळ लागतो, पण पाया पक्का असतो माझ्याकडे." शाबास रे बहाद्दर!

महिना संपायला एक दिवस उरला. दुपारी मास्तर शटर ओढून बाहेर आले, तर दारात दह्याच्या रंगाची गाडी. चाकामागे नर्सबाई. मागच्या सीटवर ठकीची आई, तिच्या शेजारी ठकी, आणि दोघींच्या मध्ये फुगलेली सुटकेस.

"हे काय?" मास्तर म्हणाले. "गाडी यांच्या हातात कशी?"

"त्यांचीच आहे," ठकी म्हणाली. "काल कागद झाले. मी विकली."

मास्तरांच्या तोंडाचा आ झाला. पानवाला, शेजारचा शिंपी, दोघंही कान टवकारून उभे. "विकली? मला न विचारता?"

ठकीनं पिशवीतून तो प्लास्टिक चढवलेला कागद काढला आणि खिडकीतून त्यांच्या हातात दिला. "कलम सात, बाबा. मी हिशोब मांडला. ही गाडी जेवढं खाते, तेवढ्यात माझी दोन वर्षं भागतात. निर्णय मालकानं घ्यायचा होता, मी घेतला. तुम्ही शिकवलंत ते सगळं बरोबर होतं." तिनं घड्याळ पाहिलं. "फी उद्याच भरायची आहे. पाचची गाडी आहे बसस्थानकावरून. तुम्ही येणार का सोडायला?"

मास्तरांना खूप काही बोलायचं होतं. कृतघ्नपणा, घाई, पडत्या भावात विकली असणार, कागदपत्रं नीट पाहिलीस का. पण ज्या ज्या वाक्यानं ते सुरुवात करू बघत, ते वाक्य त्यांच्याच हातातल्या कागदावर छापलेलं होतं. पोरगी उद्यापासून घरात नसणार, हे त्यांना तेव्हा कुठे कळलं. चेहरा एकदम म्हातारा झाला. कीव करावी असं नव्हतं, सगळं त्यांनी स्वतःच्याच पायानं ओढवून घेतलं होतं. तरी शिंप्यानं मात्र मान दुसरीकडे वळवली.

"बसा मास्तर," नर्सबाई म्हणाल्या. "पुढची जागा तुमच्यासाठीच ठेवलीय."

ते बसले. नर्सबाईंनी गाडी सुरू केली, मोठ्या रस्त्याला घेतली. समोर सिग्नल पिवळा झाला. मास्तरांची टाच खाली गेली, थेट चटईच्या त्या भोकात. पत्र्याचा ठण्ण आवाज आला. त्यांनी आणखी जोर लावला. गाडी सिग्नलपाशी अलगद थांबली, नर्सबाईंच्या पायानं.

हिरवा दिवा लागला. पुढे एक हातगाडी आडवी आली, आणि मास्तरांची टाच परत ठण्ण.

"मास्तर," नर्सबाई रस्त्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "पाय वर घ्या. गाडी माझी आहे."

मागे कोणी हसलं नाही. मास्तरांनी पाय उचलला. बसस्थानक येईपर्यंत तो त्यांनी तसाच अधांतरी धरला, कारण नुसता ठेवायचा पाय कुठे ठेवतात, हे त्यांना माहीत नव्हतं.