परक्या पाण्यातला तुकडा

आमच्या हॉलमध्ये समुद्र आहे, असं माझा नवरा पाहुण्यांना सांगतो. तंजावूरहून समुद्र तसा लांब, म्हणून मी तो काचेच्या टाकीत करून घेतला. मद्रासहून मिठाच्या पिशव्या येतात, मी शुद्ध केलेल्या पाण्यात ते मीठ ढवळते, उन्हाळ्यात टाकीवर पंखे लावते आणि वीज गेली की इन्व्हर्टरच्या नावाने बोटं मोडते. आत जिवंत प्रवाळ आहेत आणि केशरी माशांची एक जोडी. कॉलेजात दिवसभर मुलांशी बोलून झालं की माणसांशी बोलायची इच्छा उरत नाही. मासे त्या बाबतीत समंजस असतात.

नवऱ्याची थोरली बहीण इथून जवळच, पापनाशमला राहते. त्यांना आम्ही अक्का म्हणतो. मी साताऱ्याकडून लग्न करून इथल्या पिढीजात मराठी घरात आले. माझं मराठी ऐकून त्या हसायच्या, त्यांचं ऐकून मी हसायचे, आणि आमचं बरं चाललं होतं. मग सासूबाई गेल्या. पहिल्या वर्षश्राद्धाच्या दिवशी माझ्या गळ्यात उत्तरपत्रिका तपासायचं काम पडलं, म्हणून मी स्वयंपाक बाहेरून मागवला. सोवळ्यात करणाऱ्यांकडूनच मागवला होता. अक्कांनी पानाकडे पाहिलं आणि न जेवता उठल्या. मी मागून म्हणाले, “एवढं वाटतं तर तुम्ही येऊन करायचं होतं.” त्यानंतर काही वर्षं आम्ही लग्नकार्यात भेटलो तरी फोटोपुरत्याच शेजारी उभ्या राहिलो.

अक्काही टाकी ठेवू लागल्या, ही बातमी नवऱ्याने आणली. निवृत्तीनंतर मुलाने हौसेने बसवून दिली म्हणे. मला आधी रागच आला. माझं काही म्हणून वेगळं राहू द्यायचं नाही या बाईने! पण पुढच्या रविवारी नवरा पापनाशमहून झाकणाचा डबा घेऊन आला. आत खाऱ्या पाण्यात प्रवाळाचा एक जांभळा तुकडा होता. निरोप काही नव्हता. तो डबा हातात धरून मी बराच वेळ उभी राहिले, आणि मला फार बरं वाटलं.

बाहेरून आलेला तुकडा आधी औषधाच्या पाण्यात बुडवायचा, हलवायचा, भिंगाखाली पाहायचा, मगच टाकीत सोडायचा. हे मला पाठ आहे. पण नवरा समोर उभा होता, आणि त्याच्या पोटात काही राहत नाही. ‘तिने तुझी वस्तू औषधाने धुऊन घेतली’ हे पापनाशमला पोचलं असतं. आधीच एका पानावरून एवढं झालेलं. मी तुकडा तसाच टाकीत ठेवला. आणि डबा रिकामा कसा पाठवायचा? आमच्या दोन्हीकडच्या घरांत दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. निदान चिमूटभर साखर तरी घालतात. खाऱ्या डब्यात साखर काय घालणार! मी माझ्या हिरव्या प्रवाळाचा एक कोपरा कापला आणि त्यात घालून पाठवला.

महिना-दीड महिन्याने वाळूवर गंजाचे डाग दिसू लागले. जवळून पाहिलं तर डाग चालत होते. तिळापेक्षा थोडे मोठे, चपटे कृमी. हळूहळू ते प्रवाळांवर चढले, त्यांच्या अंगावर थर झाला, प्रकाश पोचेना आणि प्रवाळ मिटू लागले. मी मनातल्या मनात अक्कांना भरपूर बोलून घेतलं. मग आठवलं की माझाही तुकडा तिकडे गेला आहे. कृमी मुळात माझ्याकडचेच असले तर? सांगावं तर आरोप केल्यासारखं होणार, आणि न सांगावं तर त्यांची टाकी जाणार. नुकतं कुठे जमत आलेलं मोडायची मला भीती वाटत होती. मला अक्का परत हव्या होत्या. हे मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

शेवटी अक्कांना फोन करून कृमींचं सांगितलं.

“तुझा तुकडा मी बुडवूनच घातला,” त्या म्हणाल्या. “परक्या पाण्यातलं कोण तसंच घालतं गे?”

“परक्या?” माझा आवाज चढला.

“पाणी म्हटलं मी, तुज नाही. माझ्याकडे ते किडे होते आधी. औषध घातलं, गेले वाटलं. एखादा राहिला असेल. तू बुडवशील म्हणून मी निर्धास्त. कां नाही बुडवलंस?”

“तुम्हाला राग येईल म्हणून.”

“अय्यो,” त्या म्हणाल्या, “उद्या सकाळच्या बसने येते. औषध घेऊन येते, तू पाणी करून ठेव.”

त्या आल्या त्या पदर खोचूनच. मेलेले कृमी विष सोडतात, म्हणून आधी जितके निघतील तितके नळीने ओढून काढायचे. मी नळी धरली आणि त्या बादलीपाशी बसल्या. “तिकडे नको, इकडे. सावकाश गे!” मी कॉलेजात कुणाचं ऐकून घेत नाही. इथे ऐकलं. मग औषध घातलं. कृमी वळवळून सुटू लागले आणि पाण्यात गंजाचा पाऊस उलटा वर चढला. बघता बघता दोन्ही मासे तळाशी आडवे होऊन धापा टाकू लागले. “पाणी बदल!” त्या ओरडल्या. “बदलतेच आहे!” मी ओरडले. आणि त्याच भरात माझ्या तोंडून गेलं, “तुम्ही पानावरून उठलात ते मला अजून सहन होत नाही.”

त्यांनी बादली खाली ठेवली नाही. नवं पाणी ओततच बोलल्या.

“सोवळ्यासाठी उठले वाटलं तुज? आई गेली. त्या दिवशी बाहेरचं वाढलेलं बघितलं, आणि मज वाटलं, आता ह्या घरांत माझ्यासाठी कोणी चूल पेटवणार नाही. म्हणून उठले. घास उतरला नसता.”

मला हे कधी सुचलंच नव्हतं. इतकी वर्षं मी एका कर्मठ बाईशी भांडत होते, आणि ती बाई तिथे नव्हतीच.

एक मासा गेला. दुसरा दुपारपर्यंत सरळ पोहू लागला. उरलेलं औषध शोषणारी कोळशाची पिशवी बदलून झाली, फरशी पुसून झाली. अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या, हात मिठाने पांढरे झालेले.

“हॉटेलातून काही आणू का?” नवऱ्याने दारातून विचारलं. मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो चप्पल काढून आत आला.

“काय करू जेवायला?” मी अक्कांना विचारलं.

“काहीही. भात, रसम. पोदुम, तेवढं पुरे.”

मी तांदूळ धुतले. या स्वयंपाकघरात मी वीस-बावीस वर्षं रांधत आले आहे, पण अक्कांच्या माहेरी मी त्या दुपारी पहिल्यांदा स्वयंपाक केला.