दोन अर्स्तान आणि एक सून

आमच्या गावात रस्त्यात उभं राहून कुणी "अर्स्तान!" अशी हाक मारली, तर विजेचा मीटरवाला वळून बघतो, सोन्याच्या दातांचा दुकानदार वळून बघतो, शाळेतला कवायतीचा मास्तर वळून बघतो, आणि निदान चार कुत्री कान टवकारतात, म्हणजे मालकांनी कापून जेवढे उरवलेत तेवढे. अर्स्तान म्हणजे सिंह. मुलगा झाला की बापाला घरात सिंह हवा असतो, आणि कुत्रं आणलं तरी तेही सिंहच हवं असतं. पुढे दोघं कशी निपजतात ते सगळं गाव बघतंच.

माझ्या वडिलांचं नावही अर्स्तान. मी त्यांची थोरली लेक, याच गावात तीन घरं सोडून दिलेली, त्यामुळे माहेरी माझी रोज एक फेरी असते. माझी जीभ तिखट आहे असं लोक म्हणतात. असू दे. पण आज मी सांगणार आहे ती माझ्या भावजयीबद्दल, बुरूलबद्दल, आणि तिच्याबद्दल वाईट बोलायचं म्हटलं तरी मला फार काही सापडत नाही.

बुरूल डोंगरापलीकडून, नारीनकडची. ठेंगणी, गोल चेहऱ्याची, बाह्या कायम कोपरापर्यंत सरसावलेल्या. बोलणं इतकं हळू की तिने मीठ मागितलं तर दोनदा विचारावं लागतं. पण एकदा मनाशी काही ठरवलं की इस्सिक-कुल सरोवराचं पाणी आटेल, बुरूल हलायची नाही. आमच्यात सून सासरच्या थोरल्यांचं नाव तोंडातून काढत नाही. हल्लीच्या सुना सासऱ्याचं नाव फोनमध्ये लिहून ठेवतात आणि वर त्यांचा झोपलेला फोटोही लावतात. बुरूल त्यातली नव्हे. अर्थात तीसुद्धा आल्या दिवसापासून इतकी कडक नव्हती. तिला कडक केलं ते एका मटणाच्या तुकड्याने.

ती लग्न होऊन आली त्याच शरद ऋतूत बाबांच्या एका मेंढपाळ मित्राने त्यांना एक पिल्लू दिलं. पांढरं, दांडगं, आणि नाव आधीच ठेवलेलं: अर्स्तान. "अगदी तुझ्यासारखा आहे," तो मित्र म्हणाला. "भुंकतो फार, चावत नाही." बाबा रागावले असते तर एक वेळ बरं झालं असतं. ते खूश झाले. आई मात्र तापली. "घरातला एक अर्स्तान सांभाळता सांभाळता माझे केस पिकले," ती म्हणाली, "दुसरा कशाला आणलात?" तिने पिल्लाला दुसऱ्या नावाने हाका मारून पाहिल्या. पिल्लू दुसरीकडे बघत बसायचं. बाबाही असंच करायचे, म्हणून आईला ते जास्तच लागलं.

बुरूलचा साधा हिशोब होता. सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ठीक. पण कुत्र्याचं नाव हे कुत्र्याचं नाव. महिनाभर ती अंगणात बिनधास्त हाका मारायची. मग एक दिवस घरी पाहुणे आले. मोठ्या पातेल्यातलं मटण उकडून परातीत काढून ठेवलं होतं, आणि पिल्लाने सकाळीच एकदा त्यातलं हाड लांबवलं होतं. बुरूल पाणी घेऊन आली, तर स्वयंपाकघराच्या पडद्याआड पुन्हा काहीतरी हलताना दिसलं. तिने झाडू उचलला आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडली, "अर्स्तान! चोरट्या! लाज नाही वाटत? पाहुण्यांच्या आधी तोंड घालतोस?"

पडदा बाजूला झाला. बाबा उभे होते. हातात बरगडीचा तुकडा. बाहेरच्या खोलीतून पाहुणे वाकून बघत होते.

बाबांनी तो तुकडा गुपचूप परातीत ठेवला आणि बाहेर जाऊन बसले. आई आठवडाभर सुनेशी बोलली नाही. मी मात्र इतकी हसले की पोटात कळ आली. बुरूलने त्या दिवशी कानाला खडा लावला. त्यानंतर सासऱ्याला नाही, कुत्र्याला नाही, मीटरवाल्याला नाही, ते नाव तिच्या तोंडून कुणी ऐकलं नाही.

पण कुत्र्याला हाक तर मारायला हवी. मग ती त्याला "अहो" म्हणायला लागली. "अहो, जरा बाजूला व्हा, मला झाडायचंय." "अहो, कोंबड्यांना त्रास देऊ नका." सगळं गाव टिंगल करायचं. शेजारीण मला म्हणाली, "तुझ्या माहेरी कुत्र्याला जेवढा मान आहे ना, तेवढा माझ्या नवऱ्याला मिळाला असता तर तो दारू प्यायला लागला नसता." संध्याकाळी बुरूल दारात उभी राहून एकदाच हाक मारायची, "जेवण वाढलंय. यावं." जर्दाळूच्या झाडाखालून कुत्रा उठायचा, बाकावरून बाबा उठायचे, आणि दोघं बरोबरीने दारापर्यंत यायचे. वर्षानुवर्षं असंच चाललं.

मग आई गेली. माझा भाऊ रशियात ट्रक चालवायला गेला, तो वर्षातून एकदा येतो. नातवंडं फोनमध्ये डोकं घालून बसलेली. बाबांचं बोलणं कमी होत गेलं. त्यांच्याशी गप्पा मारायला उरला तो कुत्रा. रोज ऊन उतरलं की दोघं कालव्याच्या पुलापर्यंत जायचे, तिथे थोडा वेळ उभे राहायचे आणि परत यायचे. दोघंही आता उजव्या पायाने लंगडायचे. बाबा त्याला काय सांगायचे कोण जाणे, पण मी एकदा मागून चालत गेले तेव्हा आईबद्दल काहीतरी चाललं होतं.

गेल्या शरदात कळप कुरणांवरून खाली उतरत होते. दिवसभर रस्ता मेंढ्यांनी भरलेला. बुरूलने गवताची गाडी आत घ्यायला फाटक उघडलं आणि लावायचं राहिलं. कुत्रा एका कळपाच्या मागे लागून गेला तो गेलाच.

आम्ही दोघींनी गाव पालथं घातलं. कालवा, नदी, जुनी गिरणी. कुत्रा नाही. बाबांनी आधी पुलाकडे जायचं बंद केलं, मग अंगणात यायचं बंद केलं, मग जेवणच बंद. चहा आणि पावाचा तुकडा, बस्स. बुरूल ताट ठेवायची आणि तसंच उचलायची. चौथ्या दिवशी मी गेले तर ती चुलीपुढे बसून रडत होती.

"ताई, मी त्यांना मारलं," ती म्हणाली.

"कुणाला? कुत्र्याला?"

"दोघांनाही."

मी तिला दटावलं. पण खरं सांगते, मलाही भीती वाटायला लागली होती. आईच्या मागे हे असेच बसून राहिले होते, तेव्हा त्यांना उठवून बाहेर नेलं होतं ते त्या कुत्र्याने. मी बुरूलला म्हटलं, "गावाच्या ग्रुपवर टाक. रडून काय होणार?" आणि मी घरी गेले. तिथे मी थांबायला हवं होतं, कारण तिने जे लिहिलं ते असं:

"आमच्या घरातले मोठे चार दिवसांपासून बेपत्ता आहेत. पांढरे आहेत, वय झालंय, उजव्या पायाने लंगडतात. फाटक उघडं राहिलं म्हणून निघून गेले, चूक माझी आहे. स्वभावाने गरीब आहेत. कुणाला दिसले तर धरून ठेवावं, काहीतरी खायला घालावं. कृपया दगड मारू नयेत."

शेवटचं वाक्य वाचूनही गावात कुणाला शंका आली नाही, याचं मला अजून नवल वाटतं. पण चार दिवसांत बाबांना पुलावर कुणी पाहिलं नव्हतं, हेही खरं. तासाभरात अंगण भरलं. मीटरवाला अर्स्तान त्याची गाडी घेऊन आला, मास्तर अर्स्तान घोड्यावर, दुकानदार अर्स्तान दुकान उघडं टाकून. दोन बायका रडायच्या तयारीने आल्या होत्या, आणि त्यातल्या एकीने दारातूनच सूर लावला.

तो ऐकून बाबा आतून बाहेर आले. पायात लोकरीच्या चपला, हातात चहाचा वाडगा.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

सगळे त्यांच्याकडे बघत राहिले.

"तुम्ही," मीटरवाला म्हणाला.

"मी? कुठे?"

"तेच शोधायला आलो होतो."

"मग सापडलो की," बाबा म्हणाले. "बसा, चहा घ्या."

बुरूल पिठाच्या कोठीमागे लपली होती. तिला बाहेर काढून मी सगळ्यांना खरा प्रकार सांगितला. हसून हसून मास्तर घोड्याला धरून उभा राहिला. पण दुकानदार हसता हसता थांबला. "पांढरा? लंगडा?" तो म्हणाला. "अहो, वरच्या गावात कासिमआलीच्या अंगणात काल तसाच बांधलेला पाहिला. तोही त्याला अर्स्तानच म्हणत होता."

मीटरवाल्याच्या गाडीतून आम्ही निघालो. बाबा नको नको म्हणत, बूट चढवून, पुढच्या सीटवर सगळ्यांच्या आधी बसले.

कासिमआली मेंढपाळ आहे, माणूस सरळ. अंगणात त्याची आई लाकडी चौथऱ्यावर बसून लोकर पिंजत होती. आमचा कुत्रा कोपऱ्यात बांधलेला. बाबांना पाहून त्याने शेपटी हलवली, पण ती तो कुणाही पाहुण्यासाठी हलवायचा. कासिमआलीने आम्हाला बूट काढून चटईवर बसवलं, पाव पुढे केला, चहा ओतला, आणि मग म्हणाला, "काका, राग मानू नका. कुत्रा माझा आहे. दोन वर्षांपूर्वी कुरणावर हरवला होता. परवा कळपामागे दिसला, मी अर्स्तान म्हणून हाक मारली, धावत आला. दुसऱ्याचा कुत्रा येईल का असा?"

"आमच्या गावातले निम्मे येतील," मी म्हटलं, "आणि मीटरवालाही."

कासिमआलीची आई म्हणाली, "भांडू नका. दोरी सोडा, दोन्हीकडून हाक मारा."

कासिमआली चौथऱ्याजवळ जाऊन उभा राहिला. "अर्स्तान!" कुत्रा गेला आणि त्याच्या पायाशी बसला. बाबांनी चहाचा वाडगा खाली ठेवला. ते म्हणाले, "झालं. त्याचाच आहे. कुत्र्यासाठी शेजारच्या गावाशी वाद नको." आणि त्यांनी सगळ्यांकडे पाठ केली, टोपी खाली ओढली.

"थांबा," म्हातारी म्हणाली. "त्याला खायला घालणाऱ्या सुनेची हाक राहिली."

मी बुरूलला कोपराने ढोसलं. "घे नाव. एकदाच घे. कुत्र्याचं आहे ते, घे की गं!"

बाबा पाठमोरेच म्हणाले, "घे पोरी. मी कान झाकतो." आणि खरंच दोन्ही हात कानांवर ठेवले.

बुरूल अंगणाच्या मधोमध उभी राहिली. तिचं तोंड उघडलं, ओठ हलले. मला वाटलं, आता निघालं. नाही निघालं. तिच्या गालांवरून पाणी वाहायला लागलं, पण नाव काही निघेना. मला तिचा असा राग आला की काय सांगू. माझा बाप समोर वाळत चाललाय आणि ही बाई रीत सांभाळतेय! मग तिने डोळे पुसले, बाह्या सरसावल्या, फाटकापाशी गेली, आणि रोज संध्याकाळी मारते तशी, हळू आवाजात, हाक मारली.

"जेवण वाढलंय. यावं."

कुत्रा उठला आणि लंगडत तिच्याकडे निघाला. आणि त्याच्या शेजारून, नुसत्या मोज्यांवर, बाबाही निघाले होते. अर्ध्या अंगणात पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं. ते थांबले. कुत्राही त्यांच्यासाठी थांबला.

हसू असं दाटलं की कुणाला श्वास घेता येईना. कासिमआलीची आई पिंजलेल्या लोकरीत तोंड खुपसून हसत होती. मग तिने मान वर केली. "दोन्ही तुझेच आहेत, बाई," ती बुरूलला म्हणाली. "घेऊन जा."

कासिमआलीने स्वतः बाबांचे बूट आणून त्यांच्यासमोर ठेवले. तो हसला, पण त्याचा चेहरा उतरला होता. दुसऱ्यांदा कुत्रा गेला त्याचा. मी त्याला म्हटलं, गावात कुणाची कुत्री व्यायली की पहिलं पिल्लू तुझं. तो म्हणाला, "चालेल. नाव मी ठेवीन." कुठलं ते मी विचारलं नाही.

गाडीत कुत्रा बाबांच्या पायांशी बसला. बाबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "मी काही ऐकलं नव्हतं. कान झाकले होते. पाय आखडला म्हणून उठलो."

"हो, बाबा," बुरूल म्हणाली.

घरी पोचलो. तिने दिवसभर चूल पेटवली नव्हती. ती डोईचा रुमाल घट्ट करत आत शिरली तर दोघं तिच्या मागोमाग स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आले आणि तिथेच उभे राहिले. बाबांनी थंड चुलीकडे पाहिलं, रिकाम्या पातेल्याकडे पाहिलं.

"जेवण वाढलंय म्हणालीस ना?" ते म्हणाले. "कुठेय?"

बुरूल मटण कापायला बसली. रडत होती की हसत होती, ती पाठमोरी असल्याने मला कळेना. मटण उकडून परातीत निघालं तसा बाबांनी त्यातला एक तुकडा हळूच उचलला, अर्धा खाली टाकला, अर्धा तोंडात घातला. तिने पाहिलं. झाडू हाताशीच होता, पण या वेळी ती काही बोलली नाही.