जब्बारभाईचा चेंडू

छावणीतला जब्बारभाई तरुणपणी गोल्फच्या मैदानावर साहेबांच्या बॅगा उचलायचा. कॅडी म्हणायचे त्याला. सोमवारी मैदान बंद असलं की कॅडींना खेळायची मुभा होती. त्या एका सकाळसाठी हा गडी आठवडाभर जगायचा. पुढं लग्न झालं, रिक्षा आली आणि सोमवार गेले. सव्वीस वर्षं. आमच्या रिक्षा स्टँडवर कधीमधी छत्री उलटी धरून फटक्याच्या पवित्र्यात उभा राहायचा. आम्ही हसायचो. चुकलंच आमचं.

आता फी भरून कुणालाही खेळता येईल असं मैदान शहराबाहेर झालंय. गेल्या रविवारी लेक सुमय्या त्याला घेऊन गेली, मीही गेलो. जोडीला एक अनोळखी डॉक्टर होते. जब्बारभाईचा पहिलाच फटका टेकाडापलीकडं गेला. "वा चाचा!" डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी मारला, आणि आमचा गडी त्यांच्या चेंडूमागं धावत सुटला. चेंडूपाशी जाऊन, हात मागं बांधून, अदबीनं उभा!

"अब्बा, तुमचा बॉल कुठं पडला?" सुमय्या ओरडली.

त्याचा चेहरा उतरला. "देखाच नै बेटा. कायम दुसऱ्याचाच बघायची सवय."

डॉक्टरांनी नवा चेंडू पुढं केला.

"नको साब. तुम्ही व्हा पुढं. मला माझाच पायजे."

मागची माणसं आली, खेळून पुढं गेली. ऊन चढलं. "चल की आता!" मी चिडलो. त्याला ऐकूच गेलं नाही. टेकाडापलीकडं तो गुडघ्यावर बसून वाळलं गवत हातानं बाजूला सारत होता.