हेमालीचा सर्व्हर आणि विश्रामकाकांची नवी होडी

हेमाली माझी सख्खी धाकटी बहीण. आख्ख्या मुरबे गावात होडीवर चित्र काढणारी पहिली बाई कोण, असं कुणी विचारलं तर तिचं नाव सांगायचं. आणि मी तिचा मोठा भाऊ, हेपण सांगायचं.

तारापूरला कंपनीत पॅकिंगला जाते. हातात खडू आला की जमीन, भिंत, मोरीचं दार, काय सोडत नाय. पण होडी रंगवायची म्हंजे उमरोळीचा पेंटर यायचा. त्याचा मासा बघून वांगं आठवतं. आमच्या हेमालीनं मासा काढला तर मांजर दोनदा हुंगून जाते.

यंदा विश्रामकाकांनी नवी होडी बांधली. हेमाली त्यांच्या अंगणात जाऊन उभीच राहिली. "काका, पुढच्या टोकाचं, नाळेवरचं चित्र मी काढणार."

"पोरी, रांगोळी हाय काय ती?" काका हसले. "बरं, रविवारपर्यंत दाव. आवडलं तर तू, नाय तर पेंटर. पण कागदावर नको, मला कागदावरचं कळत नाय. होडीवर कसं दिसंल ते दाव. आणि होडी पाण्यात जाईपर्यंत माझ्या आणि तुझ्या काकीशिवाय कुणाला दिसता कामा नाय."

आमच्या आळीत तशी रीतच हाय. चित्र आधी फुटलं की दुसरा होडीवाला तेच काढून मोकळा होतो.

पॅकिंगमधल्या रूपलनं तोड सांगितली. डिस्कॉर्ड नावाचं गप्पांचं अ‍ॅप हाय, त्यात एक बॉट मिळतो. लिहून सांगायचं, तो चित्र काढून देतो. पण सगळ्यांच्या खोलीत मागितलं तर चित्र सगळ्यांना दिसतं. म्हणून हेमालीनं स्वतःचा सर्व्हर उघडला, म्हंजे त्या अ‍ॅपमधेच आपली वेगळी जागा, बिनआमंत्रणाचं कुणी आत येणार नाय असा. बॉटला आत घेतलं. नावापुढं हिरवा ठिपका, पण ढिम्म हलेना. तासभर डोकं खाजवलं, मग कळलं, बॉट सर्व्हरमधे आला, पण चित्रांच्या खोलीत यायची त्याला परवानगीच दिली नव्हती. परवानगी दिली, लगेच बोलायला लागला. कुणी शिकवलं नाय, हां. डोकं आमच्या घरात पहिल्यापासून हाय.

महिन्याला पंचवीस चित्रं फुकट. पहिल्या चारात त्यानं शिडाचं जहाज काढलं, मागं बर्फाचे डोंगर. हेमाली बोलली, ऱ्हाऊ दे, उद्या शनिवारी कामावरून आले की नीट समजावीन. आणि विश्रामकाका आणि जयवंतीकाकीला आमंत्रणाची लिंक पाठवून झोपली.

तिथं घोटाळा झाला. काकांच्या फोनवर आलं, तुम्हाला आमंत्रण आहे. आता आमच्यात आमंत्रण एका घरात आलं आणि शेजारी गेलं नाय, तर दोन वर्षं बोलणं बंद. काकांनी हात जोडल्याचं चित्र लावून ते आळीच्या ग्रुपवर टाकलं.

शनिवारी हेमाली कंपनीतनं आली, फोन उघडला, तर सर्व्हरमधे एकेचाळीस माणसं! धर्मेशनं टेम्पोला पंख लावून घेतलेले. शैलेशला घोड्यावर बसायचं होतं. काशीबाईंनी माइक दाबून सांगितलेलं, "घोळ मासा दाव, सासरी चाललेल्या पोरीसारखा मागं बघणारा." बॉटनं माशाला पापण्या आणि नथ घातलेली. खाली धर्मेश लिहितो, "काशीमावशे, तुजा लग्नातला फोटो काय गं?" आणि सगळ्यात शेवटी बॉटचा निरोप, या महिन्याची मोफत चित्रं संपली.

हेमाली मटकन पायरीवर बसली. रविवार उद्यावर, आणि हातात काय, नथवाला मासा.

तेवढ्यात काका तावातावानं आले. "आख्खी आळी आत कशी शिरली? कुणी बोलवलं ह्यांना?"

मागून जयवंतीकाकी. "तुमीच!"

"मी? मी तर मान दिला लोकांना."

"मग द्या आता चहा एकेचाळीस जणांना."

हेमालीला रडायला येत होतं, पण तिच्या डोक्यातनं तो मागं बघणारा मासा जाईना. बॉटचे कल्ले चुकीच्या जागी होते, पाठीवरचा पर उलटा होता, पण मान वळवायची काशीबाईंची गोष्ट खरी होती. घर सोडून जाणारी होडी मागं बघणारच की. ती उठली. "काका, चला होडीपाशी. तुमी दोघंच."

होडीवर ताडपत्री होती. तिघं खाली शिरली, काकीनं बॅटरी धरली. हेमालीनं खडूनं थेट नाळेवर घोळ काढला. नथ नाय, पापण्या नाय. नुसता डोळा, किनाऱ्याकडं वळलेला. बाहेर मी उभा होतो, दोघा-तिघांना हाकलून दिलं.

काकांनी बॅटरी हातात घेऊन मासा शेपटीपासून डोळ्यापर्यंत बघितला. मग बोलले, "पूस ते."

हेमालीनं खडू खाली ठेवला. "नाय आवडलं?"

"अगं, पूस लवकर! कुणी बघंल ना!"

दुसऱ्या दिवशी, रविवारी, सकाळी सातला हेमाली शिडीवर होती, हातात निळा रंग, कपाळावरपण निळा रंग. चौफेर ताडपत्री बांधलेली. खाली विश्रामकाका स्वतः शिडी धरून उभे, आणि ताडपत्रीशी कुणी थबकला की ओरडत होते, "पुढं जा रे! आमची पेंटर काम करते हाय."