कियांती सांगणारा म्हातारा

जेद्दातल्या आमच्या इस्पितळात एक्स-रे मशीनची देखभाल करणारा एक म्हातारा इटालियन होता. जेवताना तो लाल द्राक्षांच्या रसात थोडा पांढऱ्या द्राक्षांचा रस मिसळायचा आणि ग्लास उजेडाकडे धरून मला म्हणायचा, "सिस्टर, ही आमची कियांती. सौदीत आहे, म्हणून बिनदारूची!"

त्याच्या गावाकडे या वाइनमध्ये लाल द्राक्षांबरोबर पांढरीही घालत. पुढे पांढऱ्यांचं प्रमाण कमी होत गेलं आणि शेवटी नियमानं ती बंदच झाली.

"वाइन सुधारली, हे खरं," तो सांगायचा. "पण पांढरे वेल उपटले, त्या दिवशी वडील जेवले नाहीत. नवे लाल वेल मात्र त्यांनीच लावले, अगदी मायेनं."

परदेशी लोकांच्या जागी सौदी माणसं नेमायच्या सौदीकरणात त्याची जागा एका सौदी मुलीला मिळाली. मी त्याला म्हटलं, "सर, सगळं शिकवू नका. अडलं की तुम्हालाच बोलावतील."

तो नुसता हसला आणि तिला शिकवत राहिला.

त्याच्या शेवटच्या दिवशी मशीन बंद पडलं. बाहेर पेशंट खोळंबले होते. तो दारात हात मागे बांधून उभा राहिला. ती झाकण उघडून बिघाड शोधत होती, आणि त्याच्या मागे उभ्या असलेल्या मला त्याची बोटं दिसत होती. स्क्रू फिरवावा तशी ती हलत होती.

मशीन सुरू झालं. तिनं वळून विचारलं, "सर, बरोबर आहे ना?"

"मला नको विचारूस," तो म्हणाला. "पेशंटला आत घे."