हनोईत दिलेली ओ

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. बी.एस्सी. केमिस्ट्री केलंय. ओतूरला आमचं कृषी सेवा केंद्र आहे, तिथे कुठलं औषध किती मिलि टाकायचं ते गिऱ्हाइकाला मीच सांगते. असले अनुभव वाचून पूर्वी मी चक्क हसायचे... आता नाही हसू येत.

मागच्या पावसाळ्यात खत कंपनीच्या स्कीममध्ये आम्हा नवरा-बायकोला व्हिएतनामची ट्रिप लागली. लग्नानंतर जोडीने लेण्याद्रीच्या पुढे कुठे गेलो नव्हतो. मळ्यात सासरे एकटेच राहणार याची तेवढी काळजी होती. पण आबाच म्हणाले, "जा गं बिनघोर. मी काय ल्हान हाये का?"

हनोईत उतरलो आणि जो पाऊस लागला तो थांबेचना. बरोबर नेलेल्या बेसनाच्या मासवड्या पहिल्याच दिवशी आंबल्या. ह्यांनी हातवारे करून शाकाहारी मागितलं तर वाटीत कोळंबी. मग चप्पल तुटली म्हणून हे वाकले आणि खिशातला फोन साचलेल्या पाण्यात! माझा हॉटेलवर चार्जिंगला. ग्रुप पुढे निघून गेला नि आम्ही दोघं भर दुपारी कुठल्याशा गल्लीत, एका दुकानाच्या छपराखाली भिजत उभे. हे चिडलेले. मला मात्र खरंच मजा वाटत होती.

तेवढ्यात हाळी आली. मागून, जरा लांबून...

"सुनंदाss, पेटी बंद हाय काss?"

आबांची ही रोजची हाळी. आमच्याकडे लाईटचा भरवसा नाही, म्हणून मोटारीचा स्टार्टर ऑटोवर असतो. लाईट आली की मोटार आपोआप सुरू. त्यामुळे विहिरीवर मोटारीच्या वायरीला हात लावायच्या आधी आबा खालून विचारणार आणि मी वर स्टार्टरच्या पेटीपाशी जाऊन, ती बंद करून ओ देणार. वर्षानुवर्षांची सवय. मी विचारसुद्धा केला नाही. मळ्यात ओरडते तशीच खणखणीत ओरडले, "बंद हाय आबाss!"

छपराखालची माणसं बघायला लागली. ह्यांनी विचारलं, कुणाला ओ दिलीस? मी म्हटलं, आबांना. ह्यांनी काहीच ऐकलं नव्हतं. चिडलेला माणूस पोट धरून हसला, इथेही पेटी सुटेना म्हणून. मीही हसले... ते हसणं आठवलं की अजून स्वतःची किळस येते.

संध्याकाळी टूरवाल्याच्या फोनवर निरोप आला. आबा विहिरीवर शॉक लागून गेले.

कसे परत आलो, आठवत नाही. आबांचे दिवस घातल्यावर शेजारच्या मळ्यातले बाळूभाऊ येऊन बसले. विहिरीवर पडलेल्या आबांना पहिल्यांदा त्यांनीच पाहिलं होतं. मला म्हणाले, "वैनी, तुमी त्या दिशी घरी नव्हत्या म्हणत्यात. मंग पेटीपासून ओ कुणी दिली? 'बंद हाय आबा', म्या सोताच्या कानानं ऐकलं. तुमचाच आवाज. म्हटलं, तुमी दोघं आला वाटतं लवकर माघारी."

तिथलं घड्याळ दीड तास पुढे, म्हणजे तिथली भर दुपार ती इथली सकाळ. वेळ जुळवून पाहिली, जुळली.

घरात कुणी नसलं तरी आबा सवयीने हाळी द्यायचे. ओ आली नाही की स्वतः वर चढून पेटी बंद करायचे, मगच वायरीला हात. कधी चुकले नाहीत. त्या दिवशी ओ आली. लाईट गेलेलीच होती, ती आली तेव्हा आबांचा हात वायरीवर होता आणि पेटी ऑटोवर. मी गप्प राहिले असते तर आबा आज असते, हे कुणी खोटं ठरवू शकत नाही.

डॉक्टर म्हणतात, तुम्हाला भास झाला. झाला असेल. मग बाळूभाऊंनी काय ऐकलं? समुद्रापलीकडून माझा आवाज आमच्या पेटीपाशी कसा पोचला, आणि तो माझ्याच तोंडून का जावा?

बाळूभाऊ बोलत होते तेव्हा हे शेजारीच बसलेले. "ती माझ्याजवळ होती," एवढंच त्यांना म्हणाले. मला आजवर एका शब्दाने दोष दिलेला नाही. पण आता विहिरीवर काम निघालं की हे आधी स्वतः जाऊन पेटी बंद करतात आणि मग खाली उतरतात. मी ओट्यावरच असते. मला हाक मारत नाहीत.