जावयाचा सॅमन

ती घटना आठवली की आजही मला आधी हसू येतं आणि मग मान ताठ होते. माझी सगळी नोकरी कोकण किनाऱ्यावर गेली. खून पाहिले, दरोडे पाहिले, चोरट्या डिझेलच्या होड्या पकडल्या. पण ज्या तपासाचा मला सर्वात अभिमान वाटतो, तो निवृत्तीनंतरचा आहे, आयर्लंडमधल्या एनिस गावातला. तिथे मला ना अधिकार होता, ना हाताखाली शिपाई. आणि संशयित होता माझा जावई.

जावई तिकडे डॉक्टर. माणूस गुणी, फक्त मासेमारीचा नाद लागलेला. त्या भागात बरीच तळी सगळ्यांना खुली आहेत, काठावर उभं राहून कोणीही ट्राउट धरावा. सॅमनचं तसं नाही. त्याला परवाना लागतो, मासा घरी न्यायचा तर धरल्याजागीच त्याला टॅग लावावा लागतो, आणि गळाने धरलेला सॅमन विकणं हा तर गुन्हाच. जावयाकडे परवाना होता, टॅग होते, महागडा गळ होता. मासा तेवढा नव्हता. ते रिकाम्या हाताने आले की मी विचारायचो, "काय जावईबापू, आजही पाण्याला सलाम ठोकून आलात?" ते हसायचे आणि मुलगी माझ्याकडे डोळे वटारून पाहायची.

एका शनिवारी मात्र ते भला मोठा सॅमन घेऊन आले. मासा गळाला कसा लागला, किती झुंजला, हे त्यांनी रंगवून सांगितलं. नदीकाठी मासा हातात धरून काढलेला फोटो घरच्या ग्रुपवर आधीच पडला होता. मी मसाला वाटायला घेतला.

तेवढ्यात दारात गाडी थांबली. मत्स्य खात्याच्या एक उंच, शांत अधिकारी बाई आणि सोबत गार्ड, म्हणजे तिकडचा पोलीस. नदीकाठी फिरणाऱ्या कोणीतरी खबर दिली होती, की एक माणूस टॅग नसलेला सॅमन डिकीत टाकून निघाला आहे. बाईंनी विचारलं, मासा कुणी धरला? जावई एकदा माझ्याकडे बघून म्हणाले, "मी. टॅग लावायचा राहिला."

मी सवयीने मासा उचलला, कल्ला उघडून पाहिला, मग जबडा. तोंडात गळाची खूण नव्हती. कल्ल्यामागे दोऱ्याचे वळ होते आणि तिथले खवले उडालेले. मासा जाळ्यातला होता. मी वर पाहिलं तर बाई माझ्याकडेच पाहत होत्या. त्यांना ते आधीच दिसलं होतं.

त्या जावयाला म्हणाल्या, "डॉक्टर, या माशाने गळ पाहिलेलाच नाही. या नदीत चोरून जाळी टाकली जातायत. तुम्ही त्यांच्यातले आहात का?"

मुलीचा चेहरा पांढरा पडला. दोघांच्या नागरिकत्वाचा अर्ज विचाराधीन होता. नावावर असा खटला लागला असता, तर अर्ज तिथेच अडकला असता. मी बाईंना सांगितलं की मीही पोलीस खात्यातला, मला यांच्याशी थोडं एकट्याने बोलू द्या. त्या गार्डला घेऊन बाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

आता पंचाईत अशी, की आपल्याकडे जावयाला चढ्या आवाजात पाण्याचा ग्लाससुद्धा मागत नाहीत. त्याचा जबाब कसा घ्यायचा? मी चहा केला. मूळ मुद्द्याला हात न घालता आजूबाजूचं विचारत गेलो, ही माझी जुनी पद्धत. नदीला पाणी किती होतं? वारा कुठला होता? उत्तरं फटाफट आली. मग मी दाराशी ठेवलेले त्यांचे मासेमारीचे बूट उचलून टेबलाजवळ आणले. सकाळपासून पाऊस होता आणि बूट कोरडे खडखडीत होते.

जावयांनी बूट टेबलाखाली सरकवले. मग म्हणाले, "बाबा, ॲक्च्युअली, विकत घेतला. शॅनन गावात पार्किंगमध्ये युअर मॅन, म्हणजे तो एक मासेवाला, व्हॅन घेऊन येतो. फिश फार्मचा आहे, सगळं लीगल आहे म्हणाला. इथे दुकानात तुकडेच मिळतात, हा डोक्यासकट देतो. नदीवर फक्त फोटोपुरता थांबलो. तुमच्यासमोर रोज रिकाम्या हाताने यायची लाज वाटत होती हो."

मला इतकं भरून आलं, की त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं. सासऱ्यासमोर तोंडघशी पडायला नको म्हणून हा माणूस न केलेला गुन्हा अंगावर घ्यायला निघाला होता. मी म्हटलं, "हेच बाहेर जाऊन सांगा. माझ्यासमोर सांगा."

त्यांनी सांगितलं, मान खाली घालून, पण एक शब्द न गाळता. बाईंना हवा होता तो धागा मिळाला. बराच काळ त्या या विक्रेत्याच्या मागावर होत्या, पण अनोळखी गिऱ्हाइकाला तो मासा दाखवतच नसे. सापळा तिथेच, चहाच्या टेबलावर ठरला. जावयाने फोन करून सांगितलं, घरी पाहुणे आहेत, दोन मासे हवेत, डोक्यासकट. इशारा मी सुचवला: माल दिसला की कल्ला उचलून वास घ्यायचा. तिकडे असं कोणी करत नाही, त्यामुळे चुकायची भीती नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पार्किंगच्या कडेला बाकावर बसलो होतो. व्हॅन आली. जावयाने मासा हातात घेतला, कल्ला उचलला आणि नाक लावलं. शेजारच्या दोन गाड्यांची दारं उघडली. व्हॅनमध्ये बर्फातले मासे होते आणि मागे ओली जाळी. मुद्देमालासकट आरोपी ताब्यात! बाईंनी माझा हात हातात घेऊन म्हटलं, "दॅट वॉज ग्रँड." खात्यात असताना पदक मिळालं तेव्हाही मी इतका फुगलो नव्हतो. जावई फसवलेले गिऱ्हाईक म्हणून साक्षीदार झाले आणि त्यांच्या नावावर काही लागलं नाही.

उभ्या नोकरीत मी समजत होतो, की माणूस गुन्हा लपवायला खोटं बोलतो. या प्रकरणाने मला शिकवलं की आपली फजिती लपवायलाही तो बोलतो, आणि तेही आपल्याच माणसांसमोर. पोलिसाने समोरच्याला आधी निर्धास्त करावं. सासऱ्यानेही.

मी परतायच्या आदल्या संध्याकाळी जावई तळ्यावरून आले. वीतभर ट्राउट माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "बाबा, करा पंचनामा."

मी जबडा उघडला. गळाची खूण होती. दाराकडे पाहिलं, बुटांतून पाणी गळत होतं. त्या एवढ्याशा माशाचं कालवण आम्ही तिघांनी बोटं चाटत खाल्लं.